वरून दुसरं बटण

माझ्या थोरल्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षी मी तुरुंगाच्या धोबीखान्यात कामाला होतो. हाताखाली एकच कैदी. फाटलेलं शिवायचा, बटणं लावायचा, म्हणून सगळे त्याला बटण्या म्हणत. त्याच्या सुटकेला सात महिने उरले होते.

फाटकावर आत येणाऱ्या प्रत्येकाची झडती व्हायची, पण घामट कपड्यांच्या गाठोड्यात कोण हात घालतो? त्याच गाठोड्यातून दर मंगळवारी जमादाराचा गणवेश यायचा. शर्टाचं वरून दुसरं बटण बहुतेक वेळा तुटलेलं असायचं आणि बटण्या तो शर्ट आधी आपल्याकडे ओढून घ्यायचा. मला वाटायचं, एवढं पोट म्हटल्यावर बटण तुटणारच.

त्या मंगळवारी मला लेकीकडे जायची घाई होती. बटण्या पाणी आणायला गेलेला. मीच काळ्या दोऱ्याने बटणाला चार टाके घातले आणि शर्ट उकळत्या भट्टीत टाकला.

दुपारी जमादार आला. दोरीवरच्या शर्टाची कॉलर त्याने चिमटीत धरून चोळली. शिवणीतून पांढरा लगदा बाहेर आला. कॉलरीतून नशेच्या गोळ्या यायच्या आणि तुटकं बटण ही बटण्याला खूण होती, हे मला तेव्हा कळलं.

"काय मामा, आजोबा झालात म्हणे?"

"हो साहेब."

"एकदम दोन! मजा आहे बुवा." तो हसत होता. "हे बटण कुणी लावलं?"

"बटणं तोच लावतो," मी म्हणालो.

बटण्या बादल्या घेऊन दारातच उभा होता. "साहेब, आईशप्पथ, मी नाही! मी काळा दोरा वापरतच नाही. मामा, सांगा ना! अहो मामा!"

मी चादर पिळत राहिलो. पाणी कधीच निथळलं होतं, तरी पिळत राहिलो.

"चार नंबरची बराक मालाची वाट बघतेय," जमादार म्हणाला. "चल, त्यांना तूच समजाव."

बुधवारी बटण्या कामावर आला नाही. मी दोनदा मोठ्या साहेबांच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा जमादार आत चहा पीत बसलेला. लेकीच्या घरी तिने नातवाला माझ्या मांडीवर द्यायला आणलं, तर मी हात मागे घेतले.

"बाबा, काय होतंय?"

"काही नाही गं. सोड्याने हात सोलले."

शनिवारी चौकशी झाली. साहेबांनी कागद वाचून दाखवला : शुक्रवार, धोबीखाना, ओल्या फरशीवरून घसरून पडला. जमादार माझ्या मागे उभा होता. त्याचा श्वास मानेवर येत होता. मी अंगठा उठवला.

बटण्या धोबीखान्यात पडला नाही. तो गुरुवारी, दुपारच्या जेवणाच्या घंटेनंतर, चार नंबरच्या बराकीत मेला.