पापुद्रे सुटलेली पट्टी

सासऱ्यांनी पट्टी वाकवली आणि पहिल्याच झटक्यात तिचे पापुद्रे सुटले. तुकडे सुनेच्या पुढ्यात आपटून ते म्हणाले, "फिटली हौस? उद्यापासून मशीन धाकटा बघेल."

शर्तच तशी होती. पट्टी तीनदा वाकून टिकली तर प्लास्टिक वितळवणारं मशीन सुनेचं, नाही तर तिने शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. शिडीच्या पायऱ्यांसाठी जुन्या जाळ्यांचं नायलॉन आणि बाटल्यांच्या झाकणांचं प्लास्टिक एकजीव करायला ती सहा महिने झटत होती. पण या दोघांचं हाडवैर. एकत्र वितळवा, हवं तेवढं घोटा, गार झाले की आपापले वेगळे. त्यांना धरून ठेवायला तिसरंच काही लागे: पिवळे दाणे, शेकडा पाच. हे तिने एकटीने शोधून काढलं होतं आणि सासऱ्यांना नेमकं तेच खुपत होतं. सून डोक्यावर मिरी वाटते, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. तीही काही कमी नव्हती. मशीनच्या आवाजाने तुमचे कान गेले, अक्कल कशाने गेली, असं तिने एकदा तोंडावर विचारलं होतं.

तिने तुकडा उजेडात धरला. फाटलेली बाजू गुळगुळीत होती. पिवळे दाणे पडले असते तर पट्टी आधी पांढरी पडली असती आणि तुटलीच तर खरबरीत तुटली असती. दाणे पडलेच नव्हते. सकाळी ते तिने स्वतः तोलले होते आणि मशीनमध्ये ओतायला नवऱ्याकडे दिले होते, कारण अख्ख्या घरात तिचा विश्वास होता तो त्याच्या एकट्यावर.

तो मागच्या नळावर हात धूत होता. दाण्यांचं विचारल्यावर आधी त्याने कानांवर हात ठेवले. तिने तुकडा नाकासमोर धरला, तेव्हा नजर चुकवत कबूल झाला.

"माझ्या पिशवीत आहेत. रोजची तुमची भांडणं ऐकून वीट आलाय मला. तू हरलीस तर घरात शांतता होईल असं वाटलं."

"बाबांनी निदान समोरून गळा धरला," ती म्हणाली. "तू केसाने कापलास."

वाळवलेलं थोडं नायलॉन उरलं होतं. दुपारी तिने दाणे आपल्या हाताने ओतले आणि माल संपेपर्यंत मशीनपासून हलली नाही. नवी पट्टी सासऱ्यांनी तीनदा वाकवली, मग इरेला पेटून दहादा. पट्टी पांढरी पडली, तुटली मात्र नाही.

मग सकाळी काय झालं होतं, त्यांनी विचारलं. दीर आणि दोन कामगार कान टवकारून उभे होते. सांगू नकोस, अशी नवऱ्याने मानेनेच खूण केली. आपलीच चूक म्हणावं तर त्याची अब्रू वाचणार होती. पण हलगर्जी बाईच्या हातात मशीन कोण देतंय? तिने सगळं सांगून टाकलं.

सासरे शब्दाचे पक्के. मशीनची किल्ली टेबलावर ठेवत म्हणाले, "मशीन तुझं. पण चार माणसांत माझ्या मुलाचं नाव घ्यायला नको होतंस."

"मग कुणाचं घ्यायचं होतं? माझं?"

ती किल्ली उचलून बाहेर आली. नवरा तिला न घेताच गाडी काढून केव्हाच निघून गेला होता.