उपआप्पा

उपआप्पा आमच्या घरात आला तो माझ्या आळसापायी.

आमची वसाहत टेकडीच्या पायथ्याशी. टेकडीवर कंबरभर गवत, आणि उन्हाळ्यात ते असं वाळतं की मोठ्याने खोकायचीसुद्धा भीती वाटावी. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या उतारावर वणवा लागला आणि आमच्या सूनबाईने मनावर घेतलं. ती गोदामात पाळीप्रमुख, पन्नास माणसांना एका शिट्टीवर हलवणारी बाई. तिने फ्रिजवर तक्ता लावला. शिट्टी वाजली की तिने गॅस बंद करायचा आणि कागदपत्रांची पिशवी घ्यायची. नातीने, म्हणजे आमच्या खारूताईने, मांजर टोपलीत कोंबायचं. चिरंजीवांनी खिडक्या लावायच्या आणि मागच्या खोलीतून मला उचलून गाडीत बसवायचं. निघताना फाटकावर पांढरं फडकं बांधायचं, म्हणजे घर रिकामं, बंबवाल्यांनी इथे वेळ घालवू नये. कोणी आत अडकलं असेल तर लाल. सगळं सात मिनिटांत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तालीम.

दोन तालमी मी केल्या. तिसरीला गुडघा पुढे केला. माझा उजवा गुडघा हा मोठा सोयीचा अवयव आहे. एकतीस वर्षं घरोघर पाण्याचे मीटर वाचत हिंडलो, त्यात तो झिजला हे खरं. पण दळण आणायचं म्हटलं की ठणकतो आणि पत्त्यांचं बोलावणं आलं की गप्प बसतो, हेही तितकंच खरं. दुखणं लांबून दिसावं म्हणून मी त्याला दोन हात लांब लाल फ्लॅनेलची पट्टी गुंडाळतो.

सूनबाईने वाद घातला नाही. तिने एक जुनी गादी गुंडाळली, आत वर्तमानपत्रांचे गठ्ठे भरले, वरून माझा तपकिरी कोट चढवून बटणं लावली, डोक्यावर माझी कानटोपी ओढली आणि खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीत ते ध्यान बसवून दिलं. खारूताईने त्याचं नाव ठेवलं उपआप्पा. पुढे सगळ्या तालमी त्याच्यासोबत झाल्या. चिरंजीव त्याला खांद्यावर घ्यायचे, मागच्या सीटवर ठेवून पट्टा लावायचे, खारूताई ओरडायची, "आप्पा गाडीत," आणि सूनबाई तक्त्यावर माझ्या नावापुढे पेन्सिलीने खूण करायची. उपआप्पांचं बरं आहे, असं ती मला ऐकवून म्हणायची, निघताना चष्मा शोधत नाहीत आणि ऐनवेळी लघवीला जात नाहीत.

मी तेवढा वेळ अंगणाच्या टोकाला, अवजारांच्या खोलीत बसायचो. शेंगदाणे, वर्तमानपत्र आणि एक मोडकी आरामखुर्ची. गाडी कोपऱ्यापर्यंत जायची, वळायची, परत यायची. गाडीचं दार वाजलं की मी बाहेर यायचो आणि किती मिनिटं लागली म्हणून साळसूदपणे विचारायचो.

तो बुधवार होता. वारा इतका सुटला होता की पलीकडच्यांचा कुत्रा साखळीसकट आडवा तरंगत होता. घरचे याला माझी थाप म्हणतात; ज्याला पटत नसेल त्याने कुत्र्याला विचारावं. शाळा बंद, गोदाम बंद, तारा तुटून आग लागू नये म्हणून वीजही सकाळपासून तोडलेली. जेवताना सूनबाई म्हणाली होती की एकदा न सांगता तालीम घ्यायला हवी. त्यामुळे दुपारी दोनला शिट्टी वाजली तेव्हा मी मनातल्या मनात हसलो. खबरदारी म्हणून जेवणानंतरच खुर्चीत बसवून ठेवलेल्या उपआप्पाला सलाम ठोकला, वर्तमानपत्र काखेत मारलं आणि मागच्या दाराने निघालो. उजेड जरा पिवळट वाटला. पण खिडकीतून कोणी पाहू नये म्हणून मी वाकून चालत होतो, वर बघितलंच नाही.

खोलीत बसून ऐकत राहिलो. दारं आपटली. टोपलीतलं मांजर किंचाळलं. खारूताईचा आवाज आला, "आप्पा गाडीत." गाडी निघाली. मी शेंगदाणे सोलायला घेतले.

गाडी कोपऱ्यावर वळल्याचा आवाज आला नाही. ती पुढेच जात राहिली आणि मग ऐकूच येईना. म्हटलं, सूनबाईने आज अंतर वाढवलेलं दिसतंय. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग दाराच्या फटीतून एक काळी पाकळी तरंगत आत आली आणि वर्तमानपत्रावर बसली. मी बोट लावलं. ती गरम होती.

दार उघडलं तर टेकडी नव्हती. तिच्या जागी मातकट तांबडा धूर उभा होता, आणि त्याच्या तळाशी, आमच्या मागच्या कुंपणापासून दोन शेतांवर, एक केशरी रेघ सरकत होती. गर्दी स्टेशनातून बाहेर पडावी तसा एकसारखा, घाई नसलेला आवाज होता तिचा. अंगणातून ससे धावत होते. एक माझ्या पायावरून गेला आणि थांबलाही नाही.

मी हाका मारल्या. मग घरात गेलो. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. फ्रिजवरच्या तक्त्यावर माझ्या नावापुढे पेन्सिलीची ताजी खूण होती. खिडक्या लावलेल्या, विजेविना अंधारलेल्या खोलीत, तोंडाला रुमाल बांधून, घाईघाईत चिरंजीवांनी खुर्चीतलं जे उचलायची सवय होती तेच उचललं होतं. त्यांच्या लेखी मी सुटलो होतो. माझ्यासाठी आता कोणीही परत येणार नव्हतं.

तेवढ्यात पुढून बंबाची घंटा ऐकू आली. मी दाराकडे धावलो. धुरात दोन दिवे दिसले, फाटकाशी मंदावले. मी ओरडत होतो, पण त्या आवाजात माझा मलाच ऐकू येत नव्हता. कोणीतरी बॅटरीचा झोत फाटकावर टाकला. झोत पांढऱ्या फडक्यावर क्षणभर थांबला आणि बंब पुढे निघून गेला.

मी उंबऱ्यात तसाच उभा राहिलो. खरं सांगतो, मला आई आठवली, आणि ती जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

लाल फडकं कागदपत्रांच्या पिशवीत होतं आणि पिशवी गाडीत. घरात लाल काय आहे ते आठवेना. पडदे निळे, चादरी हिरव्या. कपाटं उपसली, हाताला लागेल ते फेकलं. शेवटी खाली वाकलो तेव्हा माझ्याच गुडघ्यावर नजर गेली.

पट्टी सोडली. न्हाणीघरातल्या बादलीत टॉवेल बुचकळून डोक्यावर घेतला. तक्त्यावर तेही लिहिलेलं होतं, मी फक्त आजवर वाचलं नव्हतं. दारापासून फाटकापर्यंत तीस पावलं. खालच्या बाजूला धूर विरळ होता म्हणून मी रांगत गेलो, ज्या गुडघ्यावर मला दळण आणवत नव्हतं त्याच गुडघ्यावर. पाठीवर ठिणग्या पडत होत्या, मुंग्या चावाव्यात तशा. फाटकाची सळई हाताला चटका देत होती. सूनबाईची गाठ म्हणजे गोदामातली गाठ, सुटता सुटेना. मग सोडवायचा नाद सोडून मी पट्टी त्या पांढऱ्यावरूनच गुंडाळली, लांब टोक वाऱ्यावर सोडलं आणि फाटकाच्या भिंतीआड, बागेच्या नळाखाली आडवा झालो. नळ सोडला. करंगळीएवढी धार आली. शेजारच्या खड्ड्यात मीटरचा काटा हळूहळू फिरत होता. मी सवयीने आकडा वाचला. मोठ्याने वाचला, पुन्हा वाचला. दुसरं काही सुचतच नव्हतं.

मागे काहीतरी धडाडलं. मान वळवून पाहिलं तर अवजारांची खोली पेटली होती. अर्ध्या तासापूर्वी मी तिथे शेंगदाणे सोलत होतो. छप्पर एकदम खाली बसलं, कोणी खुर्चीत बसावं तसं.

त्यानंतर मी आकडाही वाचू शकलो नाही.

वसाहतीतली माणसं जिथे जमली होती त्या शाळेच्या मैदानावर तेव्हा काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. तिथे माणसं मोजणारा एक चिवट गृहस्थ होता. चार म्हटलं तरी त्याला चार तोंडं बघायची होती. खारूताई मागच्या सीटकडे वळून म्हणाली, आप्पा, उठा, आणि तिने कानटोपी ओढली. सूनबाई गाडीतून उतरली ती सरळ रस्त्याकडे पळत सुटली. पोलिसांनी अडवलं तेव्हा तिने एका बंबाच्या चालकाचा दंडच धरला. पांढरं फडकं मी स्वतः बांधलंय, ते चुकीचं आहे, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. चालक निघाला खरा, पण आमच्या गल्लीतल्या प्रत्येक फाटकावर पांढरं फडकं होतं आणि घरांचे क्रमांक धुराने पुसले होते. गल्लीच्या तोंडाशी तो उलटा फिरायच्या बेतात होता. तेव्हा त्याला काहीतरी लाल फडफडताना दिसलं.

दोन हातांनी कोणीतरी मला काखेत धरून उचललं. मी त्याला मीटरचा आकडा सांगितला म्हणे.

मैदानावर मला एका बाकावर बसवलं, अंगावर घोंगडी टाकली. चिरंजीव चार हात अंतरावर उभे होते, त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. खारूताई माझ्या बाहीला लोंबकळली होती. सूनबाई समोर येऊन उकिडवी बसली. तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. कपाळ, गाल, हनुवटी, आंधळ्याने चाचपावं तसा. एवढ्याने तिची खात्री पटली नसावी.

"आप्पा," ती म्हणाली, "एखादी थाप मारा बघू."

मी तोंड उघडलं. एरवी एका श्वासात मी वणव्याला शेपटीला धरून टेकडीपलीकडे भिरकावला असता. खूप शोधलं, पण एकही थाप सापडेना.

"मी अवजारांच्या खोलीत लपून बसलो होतो गं," मी म्हणालो. "दर वेळी. मला फार भीती वाटली."

माझा गुडघा तिने तळहाताने झाकला. तो सोलवटला होता आणि आता खराखुरा दुखत होता. गाडीचं मागचं दार उघडंच होतं. आत उपआप्पा माझा कोट घालून, टोपीविना, पट्टा लावून नीट बसला होता.