पाणी तयार होईपर्यंत

बाबा गेल्यावर भाड्याने आणलेलं ऑक्सिजनचं मशीन परत न्यायला माणूस आला. त्याने वायर गुंडाळली, सही घेतली आणि जाताना दार अलगद ओढून घेतलं. त्यानंतर त्या खोलीत आवाज म्हणून उरला नाही. थोरल्या लेकीने पलंग एका गरजू घरी देऊन टाकला, औषधांचं कपाट रिकामं केलं, फरशी घासून पुसली, आणि मग पुढे काय करायचं ते तिला सुचेना.

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. इतकी वर्षं दुपारच्या सुट्टीत धावतपळत घरी यायचं, बाबांना भरवायचं, तोंड पुसायचं आणि पुन्हा कामावर पळायचं, असा तिचा दिवस होता. आता तीच सुट्टी खायला उठायची. "सुटलीस गं बाई," लॅबमधल्या बायका म्हणाल्या. चांगल्या मनानेच म्हणाल्या. पण तिला ते लागलं.

तयार कवळ्या पोचवायला ती एका दवाखान्यात जायची. तिथे बाकड्यासमोर माशांची टाकी होती. दाढदुखीने हैराण झालेली माणसंसुद्धा टाकीकडे बघत गप्प बसायची. थोरली काम झाल्यावरही बसून राहू लागली. शेवटी रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "ताई, तुमचंही दुखतंय का काही?" त्यावर ती उठली आणि थेट माशांच्या दुकानात गेली.

दुकानदार तिच्याच वयाचा, पण प्रत्येक गिऱ्हाईक बाईला मावशी म्हणायची त्याला खोड होती.

"मला भिंतभर टाकी हवी," ती म्हणाली.

"मावशी, पहिल्यांदा लहान घ्या. जमलं तर मोठी."

"लहान नको. लहान ठेवली तर उरलेली खोली तशीच राहील."

त्याने तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि टेप काढला.

एवढ्या पाण्याचं वजन एखाद्या भरल्या टेम्पोइतकं होणार, म्हणून आधी गवंडी येऊन फरशी ठोकून बघून गेला. तळमजला होता, म्हणून निभावलं. मग लोखंडी स्टँड आला. त्याचा एक पाय कणभर उंच होता, तर दुकानदाराने अर्धी सकाळ त्या एका पायापाशी घालवली. पाणी कलतं राहिलं तर एका बाजूच्या काचेवर ताण येऊन ती केव्हातरी दगा देते, म्हणाला. थोरलीला हे पटलं. कवळीसुद्धा केसभर उचललेली असली तर हिरडी सोलून काढते. काचा चौघांनी मिळून आत आणल्या, जागेवरच चिकटवल्या. टाकीच्या खाली दुसरी लांबट पेटी बसली, तेच फिल्टर. वरचं पाणी पाइपातून खाली यायचं, आधी कापसातून, मग जाड स्पंजांतून, मग चिनीमातीच्या भोकाभोकांच्या कड्यांतून जायचं आणि पंप ते पुन्हा वर ढकलायचा.

"कापूस घाण अडवतो," दुकानदाराने समजावलं. "पण खरं काम स्पंज आणि कड्या करतात. त्यांच्यात जंतू वस्ती करतात. माशांच्या घाणीचं विष होतं, ते हे जंतू खातात. ती वस्ती बसेपर्यंत मासे सोडायचे नाहीत. चिमूटभर खाद्य टाकत राहायचं, ते कुजेल, त्यावर जंतू वाढतील."

"म्हणजे दिसणार काहीच नाही?"

"पाणी दिसेल की."

नळी लावून टाकी भरायला अख्खा रविवार गेला. पंप सुरू झाला आणि खोलीत एकसुरी घरघर भरली. थोरली दाराशी भिंतीला टेकून उभी होती, ती तिथेच खाली बसली आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडली.

मग वाट बघणं आलं. पाणी आधी दुधाळ झालं, मग हळूहळू निवळलं. कामावरून आली की चप्पल काढायच्या आधी ती काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात दुकानदाराने दिलेल्या तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायची. हिरवा रंग आला की विष अजून आहे. रोज हिरवाच यायचा. शेजारीण डोकावून म्हणाली, "मासे कुठायत?" "पाणी तयार होतंय," हिने सांगितलं. शेजारणीने मान डोलावली आणि नंतर जिन्यात कुणाशी तरी ती हळू आवाजात बोलत होती, तेही हिला ऐकू आलं.

एका संध्याकाळी नळीतला रंग पिवळा राहिला. तिने नळी हलवली, खिडकीपाशी नेली. पिवळाच. कुणाला तरी सांगावं म्हणून तिने फोन हातात घेतला, पण काय सांगायचं आणि कुणाला, या विचारात तो परत ठेवला.

दुकानदाराने गोल्डफिश थोडेथोडे करत आणले. पहिले आले ते एवढं पाणी सोडून एका कोपऱ्यात अंगाला अंग लावून बसले. पुढे सरावले. काही महिन्यांत तळहाताएवढे झाले आणि ती दिसली की काचेशी गर्दी करू लागले.

धाकटी बहीण आली ती त्यानंतर. ती दूरच्या शहरात राहायची, नवरा आणि नोकरी यांतून बाबांच्या आजारपणात दोनदाच आली होती आणि दोन्ही वेळा लवकर गेली होती. खोलीच्या दारात ती थबकली.

"पलंग कुठे होता, ते पण कळत नाही गं आता," ती म्हणाली.

"कळून काय करायचंय?" थोरली म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी थोरली कामावरून आली तर घर चकाचक. गॅसची शेगडी, खिडक्यांच्या जाळ्या, सगळं. धाकटी दमून पण खूश होती. "आणि ताई, त्या टाकीखाली काय घाण साठली होती गं. स्पंज नुसते चिखल झाले होते. गरम पाण्याने घासले, कड्या उकळून काढल्या. बघ, कसे नव्यासारखे झालेत."

थोरली पेटीपाशी वाकली. स्पंज पिवळेधमक, कड्या पांढऱ्याशुभ्र होत्या.

तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंडं काढून हवा गिळू लागले. नळीतलं पाणी गडद हिरवं. दुकानदाराने फोनवर सांगितलं, खाणं बंद करा, रोज अर्धं पाणी बदला, नळाच्या पाण्यात आधी क्लोरीन मारायचं औषध घाला. थोरलीने रजा टाकली. पिंप, बादल्या, नळी. धाकटी मागे मागे होती.

"मी काय करू?"

"तू राहू दे," थोरली म्हणाली.

धाकटी तिथेच उभी राहिली. म्हणाली, "बाबांना मी पाणी पाजत होते, त्यांना ठसका लागला. तेव्हाही तू हेच म्हणालीस. पेला काढून घेतलास माझ्या हातातून. मग मी नुसती खुर्चीत बसून राहायची. येऊन काय करायचं होतं मी, ताई?"

थोरलीच्या हातात भरलेली बादली होती. तिला तो ठसका आठवत होता, पेला आठवत नव्हता. पण तिने तसं केलं असणार, हे तिला माहीत होतं. शेजारीण रात्रपाळीला बसते म्हणाली होती, तिलाही तिने नको म्हटलं होतं. मावसभाऊ आला होता, त्यालाही. मग लोकांनी विचारणंच सोडलं, आणि ती मनात म्हणायची, बघा, कुणी येत नाही.

"नळीचं तोंड धर," ती म्हणाली. "वाळूला टेकू देऊ नकोस. मी सांगितलं की अंगठा दाब."

दोघींनी पाणी उपसलं, भरलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. निम्मे मासे गेले. धाकटी एकेक जाळीने काढायची आणि प्रत्येक वेळी "सॉरी" म्हणायची, माशाला की बहिणीला ते कळायचं नाही. एका दुपारी दोघी भिजलेल्या फरशीवर पाय पसरून बसल्या, तेव्हा धाकटीने विचारलं, "शेवटी शेवटी बाबा काही बोलायचे का?" थोरलीने सांगितलं. बोलणं बराच वेळ चाललं. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

धाकटीची सुट्टी संपली आणि ती गेली. बस वळून दिसेनाशी झाली तरी थोरली थांब्यावर उभी होती. घरी आली तर ओट्यावर धुतलेले दोन कप पालथे घातलेले होते. तिने एक फळीवर ठेवला, दुसराही ठेवला.

दुकानदाराने आपल्या जुन्या टाकीतला एक काळाकुट्ट स्पंज पिशवीत घालून दिला. "विरजण समजा, मावशी. पण वेळ लागेलच." तिने तो पेटीत मधोमध बसवला. उरलेले मासे टाकीच्या एका टोकाला संथ फिरत होते, त्यांच्या मानाने पाणी फारच होतं.

रविवारी धाकटीचा फोन आला. "कशी आहेस?"

"बरी," म्हणायला थोरलीने तोंड उघडलं. "घर फार मोठं वाटतं गं," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात फिल्टर धुवायचाय. टाकीच्याच पाण्यात, नुसता पिळून. एकटीनेही जमेल. पण येतेस का?"

पलीकडे धाकटीने नवऱ्याला काहीतरी विचारलं. थोरली फोन कानाला लावून उत्तराची वाट बघत राहिली.