सहा टेबलांच्या खानावळीबद्दल मत

मीटरकाकांना हॉटेलात जेवायला आवडत नसे, पण हॉटेलांबद्दल बोलायला फार आवडे. तेहेतीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचले होते, आणि त्या काळी मीटरपर्यंत पोचायचं तर थेट स्वयंपाकघरातून जावं लागे. पुढे पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ आणि मागे एकाच बादलीत बुचकळून काढलेली ताटं हे ज्याने रोज पाहिलं, त्याला भूक लागणार तरी कशी? पुढे खात्याने सगळे मीटर बाहेर फुटपाथवर, लोखंडी झाकणांखाली आणले. काका निवृत्त झाले, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खिशात झाकण उचलायचा लोखंडी आकडा घालून ते फेरी मारत, झाकणं उचलत, वाकून आकडे टिपत आणि घरी येऊन हिशोब मांडत. अमुक टेबलं, म्हणजे अमुक ताटं, म्हणजे एवढं पाणी लागायलाच हवं. नसेल लागत, तर ताटं धुतली जात नाहीत. साधं गणित होतं आणि ते सहा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं, असं स्वतः काकाच सांगत.

हे गणित अर्ध्या कागदावर उतरून कोपऱ्यावरच्या सलूनच्या काचेवर चिकटे. सलूनवाल्याला त्याचा फायदाच होता, कारण कागद वाचायला थांबलेला माणूस आरशात बघे आणि आपले केस वाढलेत हे त्याच्या लक्षात येई.

वस्ती झपाट्याने बदलत होती, त्यामुळे काकांना विषयाची वाण नव्हती. शिंप्याच्या दुकानाचा बार झाला. त्यावर काकांचं मत असं, की एवढा मिणमिणता उजेड प्रेमिकांसाठी नसून ग्लासांवरच्या डागांसाठी आहे. छापखान्याच्या जागी कॉफीचं दुकान आलं, आणि तिथल्या खुर्च्या इतक्या उंच की पन्नाशीच्या पुढचा माणूस चढला की पाय लोंबकळायचे. ‘पाणी भरपूर वापरतात, कॉफीतसुद्धा,’ असा शेरा काकांनी मारला. लोक हसत, आणि हसता हसता कागदावर चांगलं लिहिलेल्या ठिकाणीच जात. नाकाने कांदे सोलणारा माणूस ज्याला बरं म्हणतो ते बरंच असणार, असा सगळ्यांचा हिशोब.

घरी काकू हे सगळं ऐकून घेत. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती आणि त्यात नवऱ्याबरोबर बाहेर जेवल्याचं त्यांना आठवत नव्हतं. सुरुवातीला त्या विचारत, मग विचारेनाशा झाल्या.

त्या वर्षी घड्याळजी दुकान विकून मुलाकडे गेला आणि त्या गाळ्यात एका बाईने खानावळ काढली. सहा टेबलं, फक्त दुपारचं जेवण, एक सूप, एक भाजी नाहीतर मासे, भात आणि पाव. बाई चाळिशीच्या, एकट्या, बोलायला मोकळ्या. बघता बघता दुपारी रांग लागू लागली. बँकेतले लोक येत, शाळेतल्या शिक्षिका येत, शेजारच्या बारचा मालक आपलं स्वयंपाकघर सोडून इथे येऊन जेवे. काकांनी दोन महिने वाट पाहिली, तिसऱ्या महिन्यात पायरीशेजारचं झाकण उचललं आणि ते तिथेच उभे राहिले. मग चष्मा पुसून पुन्हा वाकले. आकडा जवळजवळ हललाच नव्हता.

त्या रविवारी सलूनच्या काचेवर लागलं: ‘सहा टेबलं, रोजची ऐंशी ताटं, आणि महिन्याचं पाणी एका आजारी माणसाच्या आंघोळीइतकं. ताटं कशाने धुतली जातात हे मालकीणबाईंनाच ठाऊक. ज्याचं त्याचं पोट, ज्याची त्याची जबाबदारी.’

सलूनवाल्याने कागद चिकटवताना दोनदा वाचला. ‘काका, जरा जास्तच कडक नाही का झालं?’

‘आकडा खोटं बोलत नाही,’ काका म्हणाले.

काकूंनी त्या दिवशी संध्याकाळी ताट वाढलं आणि त्या लवकर आडव्या झाल्या. काकांना वाटलं, डोकं दुखत असेल.

दरम्यान काकांच्या स्वतःच्या घरात एक भानगड चालू होती. घरचा मीटर वाढत होता. दोन माणसं, एक न्हाणीघर, मागच्या अंगणात धुण्याचा ओटा, आणि आकडा मात्र आठ माणसांच्या कुटुंबाचा. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या गळत्या शोधल्या त्याच्या घरी गळती म्हणजे बाहेर सांगायचीही सोय नाही. काकांनी संडासाच्या टाकीत शाई टाकून पाहिली, नळांचे वायसर बदलले, लोखंडी सळई पाइपला लावून दुसरं टोक कानाशी धरून डॉक्टरसारखे तास तास बसले. काहीच आवाज नाही. प्लंबर आला, भिंती ठोकून गेला.

‘काका, गळती नाहीये. तुम्ही पाणी वापरताय.’

‘मी वापरत नाही.’

‘मग काकू वापरत असतील,’ प्लंबर सहज म्हणाला. काकू लगबगीने चहा टाकायला आत गेल्या.

शेवटी काकांनी आपल्या खात्याची पद्धत लावली. दोन दिवस त्यांनी घरी असताना तासातासाला आणि बाहेर जाता-येता आकडा टिपला. सकाळी नेहमीसारखा. बारानंतर शांत. आणि दोन ते पाच, जेव्हा ते सलूनमध्ये बुद्धिबळ खेळायला जात, त्या तीन तासांत भरमसाट. गळती काही घड्याळ बघून होत नाही, एवढं कळायला तेहेतीस वर्षांची नोकरी लागत नाही.

तिसऱ्या दिवशी ते डाव अर्धा टाकून तीन वाजता उठले. घराच्या दाराशी वाकून त्यांनी झाकण उचललं. लाल काटा गरगरत होता. चपला हातात घेऊन ते आत शिरले, बैठकीची खोली ओलांडली, स्वयंपाकघर ओलांडलं. मागचं अंगण हा काकूंचा प्रांत, तिथे ते वर्षातून दोनदा जात. अंगणाच्या टोकाला एक बुटकी भिंत होती, तिच्यात एक लाकडी फाटक, आणि फाटकापलीकडे पूर्वी घड्याळजीचं आणि आता खानावळीचं मागचं दार. ते फाटक कायम बंद असे. आज ते सताड उघडं होतं.

ओट्यावर मोठा नळ सोडलेला होता. खानावळवाल्या बाई पदर खोचून ताटं घासत होत्या आणि काकू स्टुलावर बसून एकेक ताट पुसून उन्हात लावत होत्या. बाई काहीतरी सांगत होत्या आणि काकू हसत होत्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, मांडीवर हात मारून. काका दारातच थबकले. हे हसू त्यांनी किती वर्षांत ऐकलं नव्हतं ते त्यांना आठवेना.

दोन्ही आकडे त्यांच्या डोक्यात आपोआप एकाखाली एक येऊन बसले. खानावळीचं न वापरलेलं पाणी आणि घरचं जास्तीचं पाणी. तंतोतंत. काखेत कळसा नि गावाला वळसा.

बाईंनी पाहिलं आणि नळ बंद केला. ‘काका, माझ्या गाळ्याचा पाइप करंगळीएवढा आहे हो. घड्याळं दुरुस्त करायला कितीसं पाणी लागणार? स्वयंपाकापुरतं कसंबसं येतं. खानावळ उघडण्याआधीच नव्या पाइपचा अर्ज तुमच्याच खात्यात दिला, त्याला साडेचार महिने झाले. या मावशी म्हणाल्या, तोवर इथे घासत जा.’

‘किती ताटं?’ काकांच्या तोंडून सवयीने निघालं.

‘आधी ऐंशी असायची. आज अकरा.’ बाईंच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच काकांना जास्त लागलं. ‘या महिनाअखेर बंद करतेय. जागेला गिऱ्हाईक मिळालंय, बारच काढणार आहेत म्हणे.’

बाई फाटकातून गेल्यावर काका स्टुलापाशी आले. ‘मला सांगायचं नाही का?’

काकूंनी हातातलं फडकं पिळलं. ‘सांगितलं असतं तर तुमचं मत आलं असतं. मला मत नको होतं हो. मला दुपारी कुणीतरी बोलायला हवं होतं.’

‘आणि कागद लागल्यावर? तेव्हा तरी?’

‘तुम्ही मला विचारून लावलात का?’

काकांनी हातातल्या चपला खाली ठेवल्या आणि ते ओट्यावर टेकले. एका चांगल्या बाईची चूल त्यांच्या अर्ध्या कागदाने विझायला आली होती, आणि महिना संपायला बारा दिवस उरले होते.

रविवारपर्यंत न थांबता दुसऱ्याच सकाळी त्यांनी नवा कागद नेला. ‘सहा टेबलांच्या खानावळीबाबत मागील मत चुकीचं होतं. स्वच्छता उत्तम.’ सही. सलूनवाल्याने चिकटवला, पण त्याचा चेहरा काही खुलला नाही. संध्याकाळी त्यानेच सांगितलं, ‘काका, रागावू नका. लोक म्हणतायत, काकांना फुकट जेवायला घातलं असणार.’

‘मी? मी तिथलं पाणीसुद्धा प्यायलेलो नाही!’

‘मला माहितीये हो. पण सहा वर्षांत तुम्ही कुणाला “उत्तम” म्हटलंय? आणि मत तरी कधी फिरवलंय? लोकांना शंका येणारच ना.’

सलूनवाल्याचं म्हणणं खरं होतं. आकडा सांगितल्याशिवाय लोक विश्वास ठेवणार नव्हते, कारण त्यांना ती सवय काकांनीच लावली होती. आणि आकडा सांगायचा तर सगळंच सांगावं लागणार. मीटरकाकांच्या बायकोने हॉटेलची ताटं पुसली, तीही नवऱ्याला अंधारात ठेवून, आणि ज्याला गल्लीतल्या प्रत्येक नळाची खबर त्याला स्वतःच्या अंगणातल्या नळाचा पत्ता नाही. लोक वर्षभर हसतील. काकांना त्या रात्री धड झोप लागली नाही. सकाळी चहा घेताना ते म्हणाले, ‘लिहायचं तर तुझंही त्यात येईल. ताटं पुसतेस ते.’

‘मग लिहा की.’

‘लोक बोलतील.’

‘मला लाज नाही वाटत. तुम्हाला वाटते का?’

खरं सांगायचं तर वाटत होती. काकांनी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ‘थोडी वाटते,’ ते म्हणाले.

‘कळलं,’ काकू म्हणाल्या आणि कपबश्या उचलून आत गेल्या.

तो कागद लिहायला काकांना अख्खी दुपार लागली. त्यात करंगळीएवढा पाइप आला, साडेचार महिने पडून असलेला अर्ज आला, दोन्ही मीटरचे आकडे शेजारी शेजारी आले. शेवटी त्यांनी लिहिलं: ‘या खानावळीची ताटं रोज दुपारी माझ्या अंगणात, माझ्या नळाखाली धुतली जातात आणि माझी बायको ती पुसते. मला तीन महिने हे ठाऊक नव्हतं. मी झाकणं उचलून रस्त्यावरचे आकडे पाहत होतो. ज्यांना खात्री करायची आहे त्यांनी तीन वाजता माझ्या घरी यावं, दार उघडं असेल.’

लोक हसले, मनापासून हसले. बारचा मालक तर काकांच्या पाठीवर थाप मारून गेला. पण तीन वाजता सात-आठ जण खरंच आले, अंगणात उभे राहिले, उन्हातली ताटं पाहून ओशाळले. त्यात बँकेतले दोघे होते. दुसऱ्या दिवशी ते जेवायला गेले, मग शिक्षिका गेल्या, आणि आठवडाभरात फाटकातून पुन्हा ताटांच्या चळती येऊ लागल्या. काका आपल्या जुन्या खात्यात जाऊन अर्जापाशी असे ठाण मांडून बसले की साहेबाने पाइप मंजूर करून त्यांना घरी पाठवलं. बारवाल्या गिऱ्हाइकाला बाईंनी नाही म्हणून कळवलं.

महिना संपता संपता एका दुपारी काका म्हणाले, ‘चल.’

‘कुठे?’

‘जेवायला.’

काकूंनी साडी बदलली, केस पुन्हा विंचरले. त्यात अर्धा तास गेला आणि काका चपला घालून दाराशी थांबले. खिडकीशेजारचं टेबल मिळालं. बाईंनी सूप आणलं, पाव आणला, आणि हात पुसत समोर उभ्या राहिल्या. ‘काका, कसं झालंय? खरं सांगा हं.’ आजूबाजूच्या टेबलांवरचे चमचे थांबले.

काकांनी एक घोट घेतला. मीठ किंचित जास्त वाटलं, पण खात्री नव्हती. ‘माझं राहू दे,’ ते म्हणाले. ‘मावशीला विचार.’

काकूंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, थट्टा चाललीय का म्हणून. मग त्या बोलू लागल्या. सूप छान आहे, पण मासे असतात त्या दिवशी पाव जरा कमी भाजावा. कॉफीच्या दुकानातल्या उंच खुर्च्या त्यांना आवडतात, रस्ता सगळा दिसतो. काका एकदम म्हणाले, ‘तू गेली होतीस तिथे?’ हो, दोनदा, एकटीच. शिंप्याचं दुकान गेलं त्याचं त्यांना वाईट वाटलं होतं, पण बारमध्ये संध्याकाळी जे एकटेदुकटे येऊन बसतात ते पूर्वी कुठे बसत असतील, असाही विचार त्यांच्या मनात येई. बदल वाईटच असतो असं नाही. घरात बसून कंटाळलेल्या माणसाला दाराबाहेर काहीतरी नवीन उघडलेलं बरंच वाटतं.

एकेचाळीस वर्षांत हे आपल्याला कसं कळलं नाही, याचं काकांना मनापासून वाईट वाटत होतं. हे सगळं हातचं जाऊ नये म्हणून त्यांनी खिशातून पेन काढलं आणि कागदी रुमाल पुढे ओढला.

काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

‘लिहू नका,’ त्या म्हणाल्या. ‘हे मी गल्लीला नाही, तुम्हाला सांगतेय.’