एकाच नळीवरचे दोन काटे

प्लास्टिकच्या मऊ नळीचं टोक कोमट पाण्यात क्षणभर धरलं, की ते ऐकू लागतं. धाकटीने ते पितळी तोटीवर चढवलं, अंगठ्याने शेवटच्या कड्यापर्यंत रेटलं आणि ओढून पाहिलं. हललं नाही.

ग्लायडरच्या पुढच्या आसनासमोर एक उंचीमापक होता, मागच्यासमोर दुसरा. दोघांना हवेचा दाब पोचवणारी नळी एकच. मधल्या तीन तोंडांच्या जोडावर ती दोन्हीकडे फुटत होती.

"झालं का गं? की नळ्यांचं लग्न लावूनच उठणार?" पुढे बसलेल्या ताईने विचारलं. ते आसन पहिल्यापासून तिचंच.

"झालं. आता वाच."

धाकटी मागच्या आसनावर सरकली. सिरिंजने नळीतली थोडी हवा हळूच ओढून घेतली आणि नळीला चिमटा लावला. आतला दाब कमी झाला, तसं जमिनीवर उभं असलेलं ग्लायडर काट्यांच्या हिशेबाने वर चढलं आणि थांबलं.

"साडेतीनशे मीटर," ताई म्हणाली.

धाकटीसमोर तीनशे दहा होते. नळी गळत असती तर काटे घसरले असते, आणि दोन्ही घसरले असते. हे जागच्या जागी होते.

"तुझा काटा बिघडलाय."

"दोन्ही कालच तपासून आलेत, ताई."

"मग तपासणाऱ्याचं डोकं तपासून आण."

धाकटी हसली, पण चिमट्याला हात लावला नाही. डॉक्टरांनी ताईला मोतीबिंदू सांगून वर्ष होत आलं होतं. 'एवढा हंगाम जाऊ दे' हे चालूच होतं. मागच्या रविवारी उतरताना चाक अपेक्षेआधीच दणकन टेकलं, तेव्हाही दोघींनी वाऱ्याला दोष देऊन विषय मिटवला. धाकटीला बोलता आलं असतं. पण ताई उठली की पुढची जागा तिला मिळणार होती, आणि ती तिला मनापासून हवी होती. म्हणूनच तोंड उघडत नव्हतं.

"जागा बदलून बघू," ती एवढंच म्हणाली.

गुडघ्यांना नावं ठेवत ताई मागे येऊन बसली. धाकटी पुढे गेली. इथेही तीनशे दहाच होते.

"तुझ्याकडे किती?"

ताईने मान पुढे केली, मागे घेतली, तबकडीवरची नसलेली धूळ बोटाने पुसली.

"साडेतीनशेच की गं." मग चिमट्याकडे हात नेत, "बिघाड माझ्याबरोबर मागे आला वाटतं."

धाकटी वळली नाही. मागे ताईने चिमटा हळूहळू सैल केला. दोन्ही काटे बरोबरीने खाली उतरले.

"थांब, हात देते. उतर."

"राहू दे." मागून पट्ट्याचं बक्कल खट्कन लागल्याचा आवाज आला. "इथे पाय तरी पसरता येतात. रविवारी तू पुढे बस. आणि त्या डोळ्यांच्या डॉक्टरला फोन लाव. ऑपरेशन करून घेते मी."