कच्च्या शिट्ट्या

दादाला जुळी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. एक मुलगा, एक मुलगी, आणि दोघांचे गळे असे खणखणीत की गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शिंप्यालाही त्यांची दुधाची वेळ पाठ झाली होती.

घर तीन खोल्यांचं. एकीत दादा-वहिनी आणि आता हे दोघे. दुसरी स्वयंपाकाची, तिच्यात रात्री धाकटी पथारी टाकायची. धाकटी म्हणजे दादाची बहीण. कानाजवळ तिचे केस पिकायला लागले होते, तरी नाव धाकटीच राहिलं होतं. तिसरी खोली लहान, तिच्यात आत्या, म्हणजे दादाच्या बापाची बहीण. आत्याची खाट, आत्याची पेटी, आत्याचा खोकला. त्या खोलीबद्दल तोंड उघडायची कोणाची छाती नव्हती.

मागच्या अंगणात पत्र्याची शेड होती. तिच्यात चाक, माती भिजवायचा हौद आणि विटांची भट्टी. धाकटी तिथं चहाचे मग, वाडगे आणि झाकणाच्या बरण्या घडवायची. हात बापाचा होता तिला. पण घडवलेलं विकायचं म्हटलं की तिचा जीव अर्धा व्हायचा. भिंतीवरची लांब फळी वर्षभर भरलेलीच होती. नवीन माल खाली, पोत्यांवर.

एका सकाळी दादा शेडच्या दारात आला. एक बाळ खांद्यावर, दुसरं आत रडत होतं.

"धाकटे, मला खोली पाहिजे," तो म्हणाला. "ही शेड पाडली की होते."

"आणि भट्टी?"

"मेळा आहे ना तुझा? दोन रविवार. तिथं ही फळी रिकामी झाली, तर मी शेडचं नाव काढणार नाही, दुसरी सोय बघेन. पण माल जसा गेला तसा परत आला, तर तूच सांग, हे तू कोणासाठी घडवतेस?"

दादा वाईट माणूस नव्हता. रात्र रात्र जागून त्याचे डोळे सुपारीएवढे सुजले होते. धाकटीनं फळीकडे पाहिलं आणि मान हलवली.

हातानं घडवलेल्या वस्तूंचा हा मेळा शाळेच्या मैदानात भरायचा. मागच्या खेपेला तिनं टेबलावर पांढरी चादर घालून सगळं ओळीनं मांडलं होतं. शेजारचे मेणबत्तीवाले काका तेव्हा म्हणाले होते, "भांडी घासून वाळत घातल्यासारखी दिसतात हो!" ते बोलणं तिला लागलं होतं, आणि पटलंही होतं. या वेळी ती त्यांच्याकडेच विचारायला गेली.

"खर्च करू नका," काका म्हणाले. "उंच-सखल करा. सगळं एका पातळीवर असलं की नजर घसरून जाते. आणि काहीतरी फुकट द्या. मी बोटाएवढी मेणबत्ती देतो. घरी जाऊन पेटवतात, मग माझी आठवण येते."

मग घरात शोधाशोध सुरू झाली. माळ्यावरचं जुनं दार खाली आलं, ते झालं टेबल. फळवाल्याकडून त्याची मोडकी खोकी मागून आणली. ती पालथी, आडवी, उभी रचली की पायऱ्या तयार. खिळे वर आले होते ते आत्यानं दगडानं ठोकले. पांढरी चादर लाल मातीच्या पाण्यात बुडवून वाळवली, तर तिला भाजलेल्या विटेसारखा मऊ रंग चढला. फुटक्या बरणीत वाळू भरून तिच्यात काठी रोवली आणि काठीला पाटी बांधली. तडा गेलेला एक मोठा वाडगा होता, त्यात वहिनीनं अंगणातलं सुकं गवत खोचलं. "फुटकं असलं तरी टेबलावर मिरवतंय बघा," ती म्हणाली आणि किती दिवसांनी हसली.

राहिली फुकटची भेट. ती आत्यानं अंगावर घेतली. उरल्या मातीची ती चिमण्या करायला बसली, अंगठ्याएवढ्या. शेपटीत फुंकलं की शिट्टी वाजायची. पाटभर झाल्या, मग दोन पाट.

"आत्या, भट्टीत तसूभर जागा नाही," धाकटी म्हणाली. "चहाचे मगच कसेबसे बसलेत."

"मग कच्च्याच देऊ. वाळल्यात की खडखडीत. आपण लहानपणी कुठं भाजलेल्या वाजवत होतो?"

धाकटीनं एक उचलून फुंकली. सुरेख वाजली. दादानं वाजवली, तीही वाजली. कोणाच्याच मनात काही आलं नाही.

पहिल्या रविवारी टेबल असं सजलं की येणारे-जाणारे थांबायला लागले. थांबायचे, मान तिरकी करून बघायचे, "छान आहे हं" म्हणायचे आणि पुढं जायचे. हात कोणी लावेना. खोक्यांच्या पायऱ्यांवर मग-वाडगे असे ऐटीत बसले होते की त्यांना उठवायची माणसांना भीडच वाटत असावी. धाकटी स्टुलावर बसून पदराचं टोक पिळत राहिली.

शिट्ट्या मात्र हातोहात गेल्या. पोरांची रांग लागली. मैदानभर चिवचिवाट. मेणबत्तीवाले काका कानावर हात ठेवून म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या चिमण्यांनी माझं गिऱ्हाईक उडवलं!"

"तुमचं गिऱ्हाईक हलकंच होतं मुळात," आत्या म्हणाली.

दुपार कलली आणि चिवचिवाट बदलला. आधी घोगरा झाला. मग फुसफुस. मग कुठं काही वाजेना. आणि एक बाई आपल्या लेकीला दंडाला धरून तरातरा आली. पोरीचे ओठ, हनुवटी, फ्रॉकचा गळा, सगळं लालभडक. हातात एक चिखलाचा गोळा, त्याला अजून एक पंख होता.

"अहो, हे काय दिलंत माझ्या पोरीला? माती खाल्ली तिनं!"

"चांगली माती आहे," आत्या म्हणाली. "दोनदा चाळलेली."

"आत्या!" धाकटी ओरडली.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. त्यांच्या घरात कच्ची शिट्टी कोरड्या ओठांनी फुंकायची, हे पोराला चालायच्या आधी कळायचं. ओठ पुसायचे, लांबून वारा सोडायचा, शिट्टी तोंडात धरायची नाही. कोणी कोणाला शिकवलेलं आठवत नव्हतं. जगातली बाकीची पोरं शिट्टी चोखतात, हे त्या घरात कोणाला सुचलंच नव्हतं. मागून आणखी आया येत होत्या, लाल तोंडांची पोरं घेऊन. धाकटीला वाटलं, टेबलाखाली शिरून बसावं.

आत्या उठली. वरच्या पायरीवरचा निळ्या कडेचा मग तिनं खसकन ओढला, घागरीतलं पाणी त्यात ओतलं आणि पोरीपुढं धरला. "घे गं बाई, चूळ भर. थुंक तिकडं. आता पी."

"आत्या, तो विकायचा आहे!"

"मग काय पाणी पिऊन झिजेल?"

पोरगी दोन्ही हातांनी मग धरून घटाघट प्यायली. आईनं तो तिच्या हातातून घेतला, उरलेलं पाणी स्वतः संपवलं. ऊन होतं, रागानं घसाही सुकला असेल. पण तिनं तो परत दिला नाही. मगाचा कान बोटात अडकवून वजन पाहिलं. कडेवरून अंगठा फिरवला.

"ओठाला टोचत नाही हा," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "घरचा माझा टोचतो."

तोवर आत्या बाकीच्या आयांना वाडग्यांतून, मगांतून पाणी देत सुटली होती. ऐटीत बसलेल्या पायऱ्या मोडल्या, टेबल पाण्यानं ओलं, चादरीवर लाल बोटं. आणि जी ती हातातलं भांडं फिरवून बघत होती.

"पोरांनो, इकडं या," आत्यानं हाक दिली. मातीचा उरलेला गोळा तिनं ओल्या फडक्यातून काढला. "नवीन चिमण्या करते. काडी घ्या, ज्यानं त्यानं पोटावर आपापली खूण काढा. आमची ही धाकटी भाजून ठेवेल. पुढच्या रविवारी आपली खूण ओळखून न्या. मग चोखा, चावा, काय हवं ते करा."

त्या दिवशी निळ्या कडेचा मग गेला, आणखी थोडे मग-वाडगे गेले. फळीवर परत ठेवायला माल बराच होता. दादानं तो नजरेनं मोजला. आणखी एक रविवार बाकी होता.

आठवड्यात भट्टी पेटली ती नुसत्या चिमण्यांसाठी. माल एवढासा आणि सरपण भरल्या भट्टीएवढंच. एरवी धाकटीनं कुरकुर केली असती. ती एकेक चिमणी हातात घेऊन आत ठेवत होती. कोणावर फूल, कोणावर मासा, कोणावर नुसतीच एक रेघ. आत्या पाठ शेकत भट्टीच्या भिंतीला टेकून बसली होती. खोकला थांबला होता.

"इथं ऊब छान लागते," ती म्हणाली.

दुसऱ्या रविवारी धाकटीनं पायऱ्या रचल्या, पण नीट नाही. घागर पुढं आणून ठेवली. पाटी पुसून तिच्यावर एवढंच लिहिलं: पाणी प्या, हवं त्या भांड्यातून. मैदानाचं फाटक उघडताच पोरं धावत आली, मागून आई-बाप. आपली चिमणी शोधायची म्हणजे सगळ्या चाळायच्या, तोवर मोठी माणसं पाणी पीत उभी. मेणबत्तीवाले काकाही पाणी प्यायला आले आणि प्यायलेला वाडगा घेऊन गेले. म्हणाले, "वात लावून बघतो यात."

दुपारी दादा आला, बाळगाडी ढकलत. गर्दीमुळे त्याला टेबल दिसेना. दिसलं तेव्हा त्यावर दोन मोठ्या बरण्या आणि फुटका वाडगा एवढंच होतं. वाडग्याचंही कोणीतरी विचारत होतं.

"हा नाही विकायचा," धाकटी त्या माणसाला सांगत होती. "याला तडा आहे. पाणी राहणार नाही."

दादानं बरण्या उचलून काखेत घेतल्या. "फळी अगदी रिकामी नाही झाली," तो म्हणाला.

धाकटीचा चेहरा उतरला.

"या दोन तुझ्या वहिनीला हव्यात. म्हणजे झाली." मग तो डोकं खाजवत म्हणाला, "राहिला माझा शब्द. बोललोय तर खरं. पण खोली आणू कुठून?"

"माझी घे," आत्या म्हणाली. तोंडात चिमणी होती, ती काढून बोलली. "माझी खाट शेडमध्ये टाका, भट्टीच्या भिंतीला लागून. पत्र्याखाली एक ताडपत्री मारा म्हणजे झालं."

"आत्या, हे आधी का नाही बोललीस?" दादा जवळजवळ ओरडलाच. "इतके दिवस मी..."

"थंड भट्टीशेजारी झोपून काय करू? ही पेटवणार की नाही तेच कळत नव्हतं. आता दर आठवड्याला पेटणार. पोरं चिमण्या मागतायत."

दादानं हात टेकले. बाळगाडीतलं एक रडायला लागलं, त्याला पाहून दुसरंही. आत्यानं ओठ पदरानं पुसले, आणि लांबून, कोरड्या ओठांनी, शिट्टी वाजवली. दोघंही गप्प झाली.

खाट त्याच संध्याकाळी हलली. पेटी हलवताना दादाची कंबर धरली, त्यावर आत्या आठवडाभर हसली. जुळी तिच्या खोलीत वाढली.

जुळी पहिलीत गेली त्या वर्षी, थंडी सरता सरता, एका मंगळवारी सकाळी आत्या गेली. भट्टी आदल्या दिवशी लावलेली होती. खाटेलगतची भिंत अजून कोमट होती.