कुणालाही उचलता येईल अशी

वीजकंपनीच्या तक्रार-कक्षात बाईंनी सगळी नोकरी फोनवर काढली. शहरातल्या निम्म्या घरांना त्यांचा आवाज माहीत होता, चेहरा कुणालाच नाही. निवृत्तीनंतर पायांतली ताकद हळूहळू गेली. कशाला तरी धरून क्षणभर उभं राहता येई, तेवढंच. तरी फारसं अडलं नाही, कारण नवरा होता. चाकाची लोखंडी खुर्ची गाडीच्या डिकीत टाकणं, काढणं, ढकलणं सगळं तोच करायचा आणि वर विचारायचा, "राणीसरकार, आज स्वारी कुठे?"

गेल्या वर्षी तो गेला. गाडी विकली. ती खुर्ची एकटीनं ढकलायला बाईंचे हात पुरेनात, म्हणून त्या घरातच राहिल्या.

कक्षातली शेजारच्या टेबलावरची मैत्रीण आता दुसऱ्या गावी मुलाकडे राहायची. दोघींचं रोज फोनवर बोलणं व्हायचं. एकदा ती म्हणाली, "अगं, किती दिवस भिंतींशी गप्पा मारणारेस? ये चार दिवस."

"येते," बाई बोलून गेल्या. फोन ठेवल्यावर त्यांची नजर कोपऱ्यातल्या लोखंडी खुर्चीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी दारात टॅक्सी बोलावून त्या चाकाच्या खुर्च्यांच्या दुकानात गेल्या. तिथला विक्रेता एक खुर्ची टॅक्सीपर्यंत आणून त्यांना आत घेऊन गेला; तो तरुण आणि तोंडानं गोड होता. त्यानं बॅटरीवर चालणाऱ्या, घडी होणाऱ्या दोन खुर्च्या पुढे आणल्या.

"ही भारी आहे, काकू. रिमोटचं बटण दाबलं की आपली आपण मिटते. गादी मऊ, खड्ड्यातून गेलात तरी पाठीला कळणार नाही. आणि ही दुसरी एकदम हलकी. घडी हातानं घालायची. बॅटरी सुटी निघते, त्यामुळे प्रवासाला सोयीची. तुमच्यासोबतचं कुणीही सहज उचलेल."

"आणि सोबत कुणी नसेल तर?"

तो हसला. मग बाई हसत नाहीत हे पाहून थांबला. "कुणीतरी असतंच ना, काकू."

बाईंनी दोन्हींवर बसून दुकानात फेऱ्या मारल्या. पहिलीवर बसल्यावर इतकं बरं वाटलं की उठावंसंच वाटेना. दुसरीची बैठक ताणलेल्या कापडाची, कडक. मग त्या बाकावर सरकल्या आणि कडक खुर्चीची घडी स्वतः घालून पाहिली. खटका दाबला, पाठ ओढली, मिटली. जमलं! आता उचलायची. ती जमिनीपासून वीतभरही उठली नाही.

"मी उचलतो," विक्रेता धावला.

"तू येणारेस का माझ्याबरोबर?" बाई म्हणाल्या. तो ओशाळला, तेव्हा त्यांनाच वाईट वाटलं.

बाकावर बसून त्यांनी विचार केला. कुठलीही घेतली तरी ती टॅक्सीत, रेल्वेत चढवायला कुणाला तरी विनवावं लागणारच. तो कोण असेल कुणास ठाऊक. त्याची कंबर दुखत असेल, त्याला घाई असेल. आयुष्यभर लोकांनी आपल्याला फोनवर विनवण्या केल्या. आपण कुणाला विनवणी केली नाही. करायचीच झाली तर निदान हलकी असावी. त्यांनी मऊ गादीवरून एकदा हात फिरवला आणि कडक खुर्ची घेतली.

प्रवास पार पडला. एका टॅक्सीवाल्यानं खुर्ची उचलताना कपाळाला आठ्या घातल्या, तर रेल्वेच्या डब्यात एका पोरसवदा मुलीनं न विचारताच ती वर घेतली आणि पुन्हा कानात इअरफोनच्या तारा घालून बसली. बाईंना तिच्याशी बोलायचं होतं, पण तिचे डोळे मिटलेले होते.

मैत्रिणीच्या घरी स्वागत जोरात झालं. मुलानं बाईंना हाताला धरून सोफ्यावर बसवलं. सून म्हणाली, "मावशी, आता इथून हलायचं नाही. काय हवं ते हक्कानं सांगा." तिनं खुर्चीची घडी घातली. "किती छान मिटते हो ही! अजिबात अडचण नाही." आणि ती आतल्या खोलीत कपाटामागे ठेवून दिली.

बाई सोफ्यावर बसून राहिल्या. चहा हातात यायचा, ताट हातात यायचं, बाथरूमला जायचं तर सून खांदा द्यायची. मैत्रीण शेजारी बसायची, पण बोलणं दोन वाक्यांत संपायचं. मग दोघी टीव्हीकडे बघायच्या.

"फोनवर तू किती बोलायचीस गं," मैत्रीण म्हणाली.

"तूही."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंनी सुनेला हाक मारली. "बाळा, माझी खुर्ची उघडून दे."

"कुठे जायचंय मावशी? मी आणून देते ना."

"आणून देण्यासारखं काही नाही. मला जायचंय."

सून गोंधळली, पण तिनं खुर्ची आणली. मैत्रीणही चपला घालून निघाली. रस्ता सपाट होता. खुर्ची पुढे, मैत्रीण मागे. थोड्या अंतरावर तिला धाप लागली आणि ती एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकली.

"गुडघे गेलेत माझे," ती म्हणाली. "फोनवर सांगितलं नाही तुला. तुझ्यापुढे काय रडायचं, म्हटलं. त्या वळणापलीकडे तर इथे आल्यापासून गेले नाहीये मी."

"काय आहे तिकडे?"

"मला काय माहीत! तू जा. बघून ये."

"तुला एकटीला इथे सोडून?"

"मला सवय आहे," मैत्रीण म्हणाली आणि पदरानं चेहरा पुसू लागली.

बाई निघाल्या. वळणाजवळच्या दगडांवरून जाताना कडक बैठकीचा प्रत्येक धक्का पाठीला कळत होता. वळणापलीकडे मोठं मोकळं आवार होतं. मालट्रक रांगेनं उभे होते, आणि एक माणूस नळी धरून ट्रकची चाकं धूत होता. त्यानं बाईंकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि पाणी त्यांच्या अंगावर उडू नये म्हणून नळी दुसरीकडे वळवली. मग तो पुन्हा कामाला लागला.

बघण्यासारखं काहीच नव्हतं, पण इथे त्यांना कुणी ढकलत आणलं नव्हतं. मैत्रीण वाट बघत असेल हे बाईंना ठाऊक होतं. तरी त्या तिथेच थांबल्या, चाकांवरून ओघळणारं गढूळ पाणी बघत, शेवटचा ट्रक धुऊन होईपर्यंत.